शिक्षणाची परतफेड : वारापासून बँकेच्या हप्त्यापर्यंत

महाराष्ट्रातील शैक्षणिक कर्जाचा विचार बहुधा गेल्या पंचवीस वर्षांपुरता केला जातो, आणि बँकांनी दिलेल्या कर्जापुरते पाहिले तर ते योग्यही आहे. परंतु ज्या घरात पैसा नाही त्या घरातील मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा, त्याबदल्यात त्या मुलाने पुढे काय द्यायचे, आणि शिकूनही त्याला अपेक्षित काम मिळाले नाही तर तोटा कोणी सोसायचा, हे तीन प्रश्न निदान दोनशे वर्षांचे जुने आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना प्रत्येक काळाने आपापली उत्तरे दिली आणि ती नियमांत, करारांत व संस्थांच्या घटनांत लिहिलेली सापडतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्वचितच कोणी लिहून ठेवले, तरी तरुणांच्या आयुष्यावर सर्वांत खोल परिणाम त्याचाच झाला. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यापासून बँकेचा हप्ता भरणाऱ्या अभियंत्यापर्यंतचा हा इतिहास तपासला असता असे दिसते की, शिक्षण वाया जाण्याची जोखीम पूर्वी जातीने, संस्थानाने, दानशूर व्यक्तींनी आणि मग सरकारने कमीअधिक प्रमाणात वाटून घेतली होती, आणि १९८३ नंतरच्या दोन दशकांत ती तरुणाच्या व त्याच्या आईवडिलांच्या अंगावर जवळजवळ सगळीच्या सगळी येऊन पडली.

पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. तळेगावच्या दाभाडे सेनापतींनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. १८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य गेल्यावर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. तिच्या निधीतील काही रकमेतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे त्याच निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यात आली आणि महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. फेलो म्हणजे स्वतःचे पुढचे शिक्षण घेत असताना खालच्या वर्गांना शिकवणारा व त्यासाठी वेतन घेणारा विद्यार्थी. महादेव गोविंद रानडे हे अशा फेलोंपैकी एक होते. म्हणजे या निधीतील पैसा विद्यार्थ्याला परत करावा लागत नव्हता, आणि जे काही द्यायचे ते तो त्याच काळात शिकवून देत होता.

निधीचा हा मार्ग थोड्यांसाठी होता. बाकीच्या गरीब विद्यार्थ्यांचा आधार वार आणि माधुकरी हा होता. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून एकेका दिवशी एकेका घरी जेवायला जाणे, आणि माधुकरी म्हणजे दुपारी काही घरांच्या दाराशी उभे राहून शिजवलेले अन्न झोळीत मागून आणणे. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थिगृहातील मुले आरंभीच्या काळात माधुकरीवरच शिकली. या पद्धतीत देणारा हिशेब ठेवत नसे. मुलगा परीक्षेत नापास झाला, गाव सोडून गेला किंवा शिकून कारकून होण्याऐवजी देवळातला पुजारी झाला, तरी त्या घराचे नुकसान आठवड्यातील एका ताटापलीकडे जात नव्हते, आणि ते ताट परत मागण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नव्हता. तरीही या व्यवस्थेचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पाणी भरणे, मुले सांभाळणे, बाजारहाट करणे अशी कामे वार लावून जेवणाऱ्या मुलाला न सांगता करावी लागत, वाढताना हात आखडला तरी बोलता येत नसे, आणि मुख्य म्हणजे ही दारे प्रायः ब्राह्मण मुलांनाच उघडी होती. ज्या जातींच्या मुलांना त्या अंगणात उभे राहण्याचीही मुभा नव्हती त्यांच्यासाठी ही उदारता अस्तित्वातच नव्हती.

जिथे वार नव्हते तिथे भाऊ होता. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ मध्ये वारले तेव्हा थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल संस्थानात दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळरावांना पाठवत राहिले. निम्म्याहून अधिक पगार असा जात होता. एका भावाने शिकावे म्हणून दुसऱ्याने शाळा सोडावी, बहिणींचा तर विचारही होऊ नये, आणि शिकलेल्याने पुढे सगळ्या घराचा भार आयुष्यभर वाहावा, हा अलिखित करार एकोणिसाव्या शतकात घरोघरी होता. त्यात व्याज नव्हते, पण मुदतही नव्हती. शिकलेला माणूस अकाली गेला किंवा बेकार राहिला, तर ज्याने शाळा सोडली त्याचे नुकसान भरून येण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खासगी देण्याघेण्याच्या शेजारी संस्थांचे लिखित करार दिसू लागतात, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की परतफेड बहुतेक वेळा पैशांत न मागता सेवेत मागितली जाते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद दरमहा ७५ रुपये वेतनावर २० वर्षे शिकवण्याची प्रतिज्ञा करीत. ते कोणाचे कर्ज फेडत नव्हते, परंतु शिकलेल्या माणसाने समाजाला काही ठरावीक वर्षे द्यायची असतात ही कल्पना या प्रतिज्ञेमुळे सुशिक्षितांमध्ये रुजली. ब्राह्मणेतर समाजात गंगारामभाऊ म्हस्के यांच्या पुढाकाराने १८८३ मध्ये पुण्यात मराठा विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी संस्था उभी राहिली, आणि विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्यांना तिचा आधार मिळाला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी हेच तत्त्व सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरले. गोव्यातून निघून काशीच्या अन्नछत्रात जेवत संस्कृत शिकलेले आणि पुढे बौद्ध धर्माचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आलेले धर्मानंद कोसंबी यांना त्यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, ते एवढ्याच अटीवर की कोसंबींनी महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ बडोदा संस्थानासाठी लिहावा. कलकत्ता विद्यापीठातील याहून कितीतरी अधिक पगाराची नोकरी सोडून कोसंबींनी ही अट मान्य केली.

सेवेने फेडायच्या या कराराची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही एकाच उदाहरणात दिसतात, आणि ते उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या मध्यस्थीने सयाजीरावांनी त्यांना एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले; १९१२ मध्ये ते बी. ए. झाले, १९१३ च्या आरंभी बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले आणि काही दिवसांतच वडिलांच्या मृत्यूमुळे त्यांना मुंबईस परतावे लागले. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांनी संस्थानाशी लेखी करार केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ३ वर्षे शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि परत आल्यावर १० वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, असा तो करार होता. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणावर एवढा खर्च करणारे राज्यकर्ते विरळाच होते, आणि या कराराशिवाय भारताच्या पुढच्या इतिहासाला वेगळेच वळण लागले असते यात शंका नाही.

कोलंबियातून ते लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तेथील अभ्यास अर्धवट सोडून १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी ते बडोद्याला आले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आसरा घेतला, तेथूनही त्यांना धमकावून बाहेर काढण्यात आले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच कागद टाकत. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावे लागले आणि कराराप्रमाणे ठरलेली दहा वर्षांची सेवा अगदी अल्प काळच होऊ शकली. संस्थानाने केलेल्या खर्चाच्या परतफेडीचा प्रश्न त्यानंतरही काही काळ रेंगाळत राहिला. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाल्यावर पगारातून काटकसरीने साठवलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिलेले ५,००० रुपये एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेले शिक्षण पुरे करून आले.

या प्रसंगाकडे जातीय छळाची एक कहाणी म्हणून पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. परंतु शैक्षणिक कर्जाच्या इतिहासात त्याचा आणखी एक अर्थ आहे. करार करणाऱ्या दोन्ही पक्षांचा हेतू शुद्ध होता, पैसा वेळेवर मिळाला होता, विद्यार्थ्याने अपेक्षेपेक्षा अधिक यश मिळवले होते, आणि तरीही परतफेड झाली नाही; कारण शिकलेल्या माणसाला समाज कामावर घेईल, त्याला घर भाड्याने देईल, त्याच्याशी माणसासारखा वागेल, हे करारात गृहीत धरले होते आणि तेच गृहीतक खोटे निघाले. विद्यार्थ्याच्या हातात नसलेल्या कारणाने करार मोडला तर काय, याची तरतूद त्या कागदावर नव्हती. पुढच्या शंभर वर्षांतील बहुतेक शैक्षणिक कर्जांच्या कागदांवरही ती नाही, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत दुखरा धागा हाच आहे.

पैशांत परतफेड मागणारी पहिली मोठी संस्था मुंबईत १८९२ मध्ये निघाली. जमशेदजी नसरवानजी टाटा यांनी परदेशातील उच्च शिक्षणासाठी स्थापन केलेल्या या निधीतून दान न देता कर्जाऊ शिष्यवृत्ती दिली जाई, म्हणजे शिकून आलेल्याने कमाई सुरू झाल्यावर रक्कम परत करायची आणि तीच रक्कम पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती जायची. वार आणि माधुकरीतील लाचारी ज्यांनी अनुभवली होती त्यांच्या दृष्टीने ही पद्धत मोठ्या सन्मानाची होती, कारण घेणारा येथे कोणाचा आश्रित राहत नव्हता. निधीचा लाभ घेणाऱ्या पहिल्या काही जणांत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रिया होत्या, ही गोष्ट ठळकपणे सांगण्याजोगी आहे. ज्या काळी मुलीच्या शिक्षणावर खर्च करणे म्हणजे पैसा वाया घालवणे असे बहुसंख्य घरे मानत होती, त्या काळी या निधीने स्त्रीच्या भावी कमाईवर विश्वास ठेवला. मात्र निवड अतिशय कडक होती आणि निवडल्या गेलेल्याला पुढे चांगली नोकरी मिळणे जवळजवळ निश्चित होते. कर्ज फेडता येईल अशा थोड्यांनाच कर्ज द्यायचे, या पथ्यामुळे हा निधी टिकला. तेच पथ्य पुढे हजारो सामान्य विद्यार्थ्यांना कर्ज देताना पाळणे शक्यच नव्हते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बहुजन समाजाचे शिक्षण मात्र कर्जावर उभे राहिले नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली व त्यांना इमारती आणि उत्पन्ने दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले आणि मुलांनी शेतावर, बांधकामावर, स्वयंपाकघरात श्रम करून आपला खर्च भागवावा अशी ‘कमवा आणि शिका’ पद्धत घालून दिली. वसतिगृहात धान्य नसे तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. येथे परतफेड शिक्षणाच्या काळातच श्रमाने होत होती, त्यामुळे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाच्या डोक्यावर कसलेही देणे उरत नव्हते; उरलेला तोटा संस्थेने, म्हणजे भाऊराव आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराने सोसला. आजच्या चर्चेत ‘कमवा आणि शिका’ ही स्वावलंबनाची योजना म्हणूनच सांगितली जाते, पण त्या स्वावलंबनाच्या पाठीशी कोणाचे दागिने होते याचा उल्लेख त्याच श्वासात व्हायला हवा.

स्वातंत्र्याच्या आगेमागे सरकार या व्यवहारात उतरले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती पुढे ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि मिलिंद किंवा सिद्धार्थ महाविद्यालयातून शिकलेल्या पहिल्या पिढीचा तो मुख्य आधार ठरला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांना शुल्कमाफी देणारी ई.बी.सी. सवलत सुरू झाली आणि लहान शेतकऱ्यांची व कामगारांची मुले महाविद्यालयांत दिसू लागली. महाविद्यालयांना सरकारचे अनुदान असल्यामुळे मुळात शुल्कच कमी होते, हे या सवलतींपेक्षाही महत्त्वाचे होते. बेकारी तेव्हाही होती, सत्तरच्या दशकात तर पदवीधरांची बेकारी हा महाराष्ट्रात राजकीय प्रश्न झाला होता, परंतु बेकार पदवीधर गावी परतला तर त्याच्या मागे वसुलीची नोटीस येत नव्हती.

याच काळातली, आज बहुतेकांच्या विस्मरणात गेलेली, एक योजना मात्र कर्जाची होती. केंद्र सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. हुशार पण गरजू विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज द्यायचे व नोकरी लागल्यावर ते हप्त्यांनी परत घ्यायचे असे तिचे स्वरूप होते. तिच्यातील एक कलम विशेष लक्ष देण्यासारखे आहे. कर्जदार शिक्षकी पेशात किंवा सैन्यदलात गेला तर सेवेच्या प्रत्येक वर्षाला कर्जाचा दहावा भाग माफ होत असे. कमी पगाराचे पण समाजाला हवे असलेले काम निवडणाऱ्याचे देणे त्या कामानेच फिटावे, हा सयाजीरावांच्या काळातला विचार या कलमात आला होता, आणि नोकरी एकाच मालकाची करण्याची सक्ती त्यातून काढून टाकल्यामुळे तो अधिक न्याय्यही झाला होता. वसुलीची यंत्रणा मात्र नीट उभी राहिली नाही, रकमा महागाईच्या मानाने तोकड्या पडत गेल्या, आणि योजना क्षीण होत होत बंद पडली. तिच्यातील दहाव्या भागाचे कलम तेवढे वाचवायला हवे होते. ते तिच्याबरोबरच गेले.

निर्णायक बदल १९८३ मध्ये झाला. महाराष्ट्रात शासकीय व अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये थोडी होती, प्रवेश न मिळालेली मुले मोठ्या देणग्या देऊन कर्नाटकात जात होती, आणि मराठी पालकांचा पैसा दुसऱ्या राज्यात जात असल्याची तक्रार सर्वत्र होत होती. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी संस्थांना अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची परवानगी दिली. विनाअनुदानित म्हणजे इमारतीला, उपकरणांना वा प्राध्यापकांच्या पगाराला सरकार पैसा देणार नाही, तो सगळा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून उभा राहील. साखर कारखान्यांच्या व सहकारी संस्थांच्या आधाराने उभी असलेली अनेक घराणी या क्षेत्रात उतरली आणि ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. या निर्णयाने ग्रामीण भागात तंत्रशिक्षण पोहोचले, ज्यांच्या घरात कोणी पुण्या-मुंबईला शिकायला गेले नव्हते अशा मुलांना तालुक्याच्या गावाजवळ पदवी मिळू लागली, हे नाकारता येत नाही. पण ज्या खर्चाचा मोठा भाग आधी सरकार देत होते तो या निर्णयाने पूर्णपणे पालकांकडे गेला, आणि त्या वेळी पालकांना कर्ज देणारी कोणतीही सार्वजनिक व्यवस्था नव्हती. शेत विकून, दागिने गहाण ठेवून, पतपेढीतून किंवा सावकाराकडून पैसा उभा केला गेला. त्या पहिल्या लाटेच्या कर्जाची नोंद कोणत्याही बँकेच्या आकडेवारीत सापडणार नाही.

देणग्यांना आळा घालण्यासाठी राज्याने १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा केला. कॅपिटेशन फी म्हणजे ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त प्रवेश देण्याबद्दल उकळलेली रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात अशी रक्कम घेणे घटनाबाह्य ठरवले, आणि १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात एक योजनाच आखून दिली : खासगी महाविद्यालयातील निम्म्या जागा ‘फ्री सीट’ म्हणजे गुणवत्तेनुसार शासकीय शुल्काच्या व निम्म्या ‘पेमेंट सीट’ म्हणजे जास्त शुल्काच्या ठेवाव्यात, जेणेकरून सधन मुलांच्या शुल्कातून इतरांचा खर्च भागेल. या योजनेवर टीका भरपूर झाली व तिच्यातील दोषही खरे होते, कारण शहरी सुस्थित घरातली मुले चांगले गुण मिळवून फ्री सीट घेत आणि खेड्यातल्या मुलाला पेमेंट सीट येई. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठानाच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती रद्द केली, संस्थांना शुल्क ठरवण्याची मोकळीक दिली आणि नफेखोरीवर तेवढी बंदी ठेवली. २००३ च्या आणखी एका निकालानंतर राज्यांत शुल्क समित्या आल्या, २०१५ मध्ये महाराष्ट्राने शुल्क नियामक प्राधिकरणाचा कायदा केला. परंतु एका विद्यार्थ्याचा भार दुसऱ्याने काही अंशी उचलण्याची कल्पना २००२ च्या निकालाबरोबरच संपली होती.

तिची जागा बँकेने घेतली. इंडियन बँक्स असोसिएशनने तयार केलेली नमुना शैक्षणिक कर्ज योजना २००१ मध्ये देशभर लागू झाली. देशातील शिक्षणासाठी साडेसात लाख व परदेशातील शिक्षणासाठी पंधरा लाख रुपये ही आरंभीची मर्यादा पुढे दहा व वीस लाखांपर्यंत वाढवण्यात आली. चार लाखांपर्यंत तारण लागत नसे, त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत जामीनदार आणि त्याहून मोठ्या रकमेसाठी घर, जमीन किंवा ठेव तारण ठेवावी लागे. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर सुमारे एक वर्ष हप्ता घेतला जात नसे. पालक सहकर्जदार असणे आवश्यक होते. सहकर्जदार म्हणजे मुलाने फेडले नाही तर फेडणारा असे घरोघरी समजले जाते. प्रत्यक्षात तो पहिल्या दिवसापासून मुलाइतकाच कर्जदार असतो. सातबाऱ्यावर, म्हणजे शेतजमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढला की त्या जमिनीवर पीककर्ज मिळणेही अवघड होते, आणि अशा रीतीने मुलाची पदवी व बापाचे पेरणीचे भांडवल एकमेकांत अडकतात.

हप्ता न घेण्याच्या काळातही व्याज थांबत नाही, आणि पहिल्या पिढीतील कर्जदारांचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच झालेला दिसतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये ११ टक्के दराने घेतले, तर अभ्यासक्रम आणि पुढचे एक वर्ष संपेपर्यंत सरळ व्याजच १ लाख ५४ हजार रुपये होते. ते मुद्दलात मिळवून सात वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेनऊ हजार रुपयांचा येतो. मोठ्या कंपनीत चांगल्या पगारावर लागलेल्याला ही रक्कम जड नाही. पण जिल्ह्याच्या गावातील एखाद्या कार्यशाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून लागलेल्या किंवा पुण्यात खोलीभाडे, मेस आणि प्रवास भागवून उरलेल्या पगारावर जगणाऱ्या तरुणाच्या सगळ्या निवडी या एका आकड्याने ठरतात. तो संशोधनाकडे वळत नाही, कमी पगाराची पण शिकवणारी नोकरी धरत नाही, धंदा काढत नाही, स्पर्धा परीक्षेसाठी दोन वर्षे देऊ शकत नाही, लग्न पुढे ढकलतो. मुलीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे लग्नानंतर तिच्या पगारातून माहेरच्या नावावरचा हप्ता जाणार की नाही हा. हा प्रश्न लग्नाच्या बोलण्यांत येऊन बसतो, आणि या अपमानाच्या भीतीनेच मुलीसाठी कर्ज काढणे टाळणारी घरे आहेत.

२०१० नंतर अभियांत्रिकीच्या जागा मागणीपेक्षा अधिक झाल्या, अनेक महाविद्यालये रिकामी पडू लागली व काही बंद झाली. ज्यांनी तेथे पदवी घेतली होती त्यांचे कर्ज मात्र चालूच राहिले. संस्थेला परवानगी देणाऱ्याने, शुल्क मंजूर करणाऱ्याने किंवा नोकरीची जाहिरात करणाऱ्याने या फसलेल्या हिशेबाचा वाटा उचलला नाही. थकबाकी तीन महिन्यांवर गेली की खाते अनुत्पादित ठरते, थकबाकी कर्जदाराच्या पतनोंदीत नोंदली जाते आणि पुढे घरासाठी वा व्यवसायासाठी कर्ज मिळणे कठीण होते. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, आयुष्य सुरू होण्याच्या वेळीच, तरुणाच्या पतनोंदीला दीर्घकाळ टिकणारा डाग लागतो.

सरकारी उपाययोजना याच काळात टप्प्याटप्प्याने आल्या. जुनी करपद्धत निवडणाऱ्याला आयकरातून व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, पण ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला तिचा उपयोग नाही. २००९ पासून साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांचे शिक्षणकाळातील व्याज केंद्र सरकार भरू लागले. २०१५ मध्ये साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमीचा निधी आला, आणि तारण नसलेल्या, म्हणजे बहुतेक वेळा भूमिहीन घरांतील मुलांना त्याने खराखुरा दिलासा दिला. महाराष्ट्र सरकार शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांच्या शुल्काचा अर्धा भाग देते, आणि २०२४ पासून त्याच उत्पन्नगटातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे भरू लागले आहे, हा गेल्या चाळीस वर्षांतील या दिशेचा सर्वांत मोलाचा निर्णय म्हणावा लागेल. त्याच वर्षी केंद्राने जाहीर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना जामीनदाराशिवाय कर्ज देते, परंतु ती मानांकनात वर असलेल्या संस्थांपुरती आहे. १९८३ नंतर खेडोपाडी निघालेल्या ज्या सामान्य महाविद्यालयांत कर्ज फसण्याचा धोका सर्वांत अधिक आहे, तेथील विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहतात.

सेवेने फेडण्याचा करार महाराष्ट्रात आज वैद्यकीय शिक्षणात तेवढा शिल्लक आहे. शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरने एक वर्ष शासकीय आरोग्यसेवेत काम करायचे असते. विद्यार्थी त्याला ‘बाँड’ म्हणतात, आणि ती सेवा टाळणाऱ्यांसाठी दहा लाख रुपयांचा दंड ठरवण्यात आला होता. मात्र हे बंधन ज्याचे शुल्क सरकारने सोसले त्याच्यावर आहे. खासगी महाविद्यालयात कर्ज काढून शिकलेला डॉक्टर आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात दहा वर्षे राहिला, किंवा कर्ज काढून शिकलेली अभियंता गावच्या शाळेत गणित शिकवू लागली, तरी त्यांच्या मुद्दलातला एक रुपया कमी करण्याची तरतूद १९६३ च्या योजनेनंतर कोणत्याही कागदावर पुन्हा लिहिली गेलेली नाही.